शेपटीवरून कळपाची पारख : डुकरांमधील शेपटी चावण्यावर देखरेख

बंदिस्त वराहपालनात एका डुकराने दुसऱ्याच्या शेपटीला तोंड लावणे, ती चघळणे आणि शेवटी रक्त निघेपर्यंत चावणे हा प्रकार जगभर आढळतो. तो वेळीच थांबला तर एखाद्याच जनावराला इजा होते, पण हाताबाहेर गेला तर एका कप्प्यातील बहुतेक जनावरांच्या शेपट्या काही दिवसांत कुरतडल्या जातात. जखमेतून शिरलेले जंतू शेपटीच्या मुळाशी असलेल्या शिरांमधून आणि लसवाहिन्यांमधून पाठीच्या कण्याकडे आणि रक्तावाटे फुप्फुसांकडे जातात, तेथे गळवे होतात, काही जनावरांचे मागचे पाय लुळे पडतात, आणि कत्तलखान्यातील तपासणीत मांसाचा काही भाग, कधी पूर्ण धडच, खाण्यास अयोग्य ठरवले जाते. आर्थिक नुकसान असे उघड दिसत असले तरी त्याआधीचे कित्येक दिवस जनावराने वेदनेत आणि पाठलागाच्या भीतीत काढलेले असतात, आणि देखरेखीचा खरा उपयोग हे दिवस टाळण्यासाठी आहे. प्राणिकल्याण म्हणजे प्राण्याची स्वतःची शारीरिक आणि मानसिक स्थिती, तो ज्या परिस्थितीत राहतो तिच्याशी जुळवून घेताना त्याला किती सोसावे लागते याचे माप. हे माप थेट घेता येत नाही, म्हणून बाहेरून दिसणाऱ्या खुणांवर विसंबावे लागते आणि डुकरांच्या बाबतीत अशा खुणांमध्ये शेपटीइतकी बोलकी खूण दुसरी नाही.

या वर्तनाचे मूळ डुकराच्या स्वभावातील दोषात नसून त्याच्या गरजेत आहे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटलंडमध्ये एडिंबरोजवळ स्टोल्बा आणि वुड-गश या संशोधकांनी बंदिस्त पालनातील पाळीव डुकरे झाडी, गवत आणि दलदल असलेल्या मोकळ्या आवारात सोडली. त्यांना खाद्य आयते मिळत असूनही दिवसाच्या उजेडातील सुमारे निम्मा वेळ ती चरण्यात, नाकाडाने जमीन उकरण्यात आणि सापडेल ते चघळून पाहण्यात घालवत असल्याचे दिसले. पिढ्यान्‌पिढ्या वाड्यात वाढलेल्या जनावरांतही शोधण्या-उकरण्याची ही ओढ शाबूत राहते. सिमेंटच्या किंवा फटींच्या उघड्या जमिनीवर, जिच्या फटींतून विष्ठा व मूत्र खाली पडते आणि पेंढा घातल्यास नाल्या तुंबतात, या ओढीला काहीच वाव मिळत नाही. मग कप्प्यात हलणारी, मऊ आणि चघळता येण्याजोगी जी एकमेव वस्तू उरते, ती म्हणजे शेजाऱ्याची शेपटी किंवा कान.

तथापि सगळेच चावणे एका कारणाने होत नाही आणि हा भेद ध्यानात घेतल्याखेरीज उपाय लागू पडत नाही. अभ्यासकांनी याचे ढोबळमानाने तीन प्रकार मानले आहेत. पहिल्यात चघळणे सौम्यपणे सुरू होते, समोरचे जनावर फारसा विरोध करत नाही, आणि एखाद्या दिवशी कातडी फुटून रक्ताची चव लागली की त्याचे चावण्यात रूपांतर होते. येथे मुख्य कारण उकरण्याच्या साहित्याचा अभाव हे असते. दुसऱ्या प्रकारात कोणतीही पूर्वतयारी न दिसता एकदम जोराने शेपटी ओढली जाते, आणि हे बहुधा गव्हाणीपाशी, पाण्यापाशी किंवा कोरड्या जागेपाशी, म्हणजे जेथे रांगेत मागे पडलेल्या जनावराला पुढच्याला हटवायचे असते तेथे घडते. तिसऱ्यात एखादे विशिष्ट जनावर, अनेकदा वाढ खुंटलेले, एकामागून एक शेपट्यांच्या मागेच लागते आणि त्याला दुसरे काही सुचत नाही. दोर टांगून पहिला प्रकार कमी होईल, पण गव्हाण अपुरी असेल तर दुसरा तसाच राहील. म्हणूनच जखमा मोजण्याबरोबर चावणे कोठे आणि कोणत्या वेळी होते हे पाहणे आवश्यक ठरते.

युरोपातील पालकांनी या प्रश्नावर दीर्घकाळ जो उपाय योजला तो म्हणजे पिल्लू काही दिवसांचे असतानाच शेपटीचा काही भाग छाटून टाकणे. छाटलेल्या शेपटीला चावण्याजोगा भाग थोडा उरतो आणि जखमांची संख्या खरोखरच घटते, हे मान्य करावे लागते. पण चावण्याची प्रेरणा जेथल्या तेथे राहते, छाटताना वेदना होतात, टोकाशी मज्जातंतूंच्या गाठी होऊ शकतात, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पालनातील उणीव दाखवणारी खूणच नाहीशी होते. युरोपीय संघाच्या २००८ सालच्या निर्देशानुसार शेपटी छाटणी नित्याची बाब म्हणून करता येत नाही. जखमा होत असल्याचा पुरावा असेल आणि जागा, गर्दी व व्यवस्थापन यांत सुधारणा करून पाहिलेली असेल, तरच ती करण्यास मुभा आहे. सातव्या दिवसानंतर करायची असल्यास ती पशुवैद्यानेच, भूल आणि लांबणारे वेदनाशामक देऊन करावी लागते. प्रत्यक्षात संघातील बहुसंख्य देशांत बहुसंख्य पिल्लांच्या शेपट्या अजूनही छाटल्या जातात. याउलट स्वीडनने १९८८ पासून आणि फिनलंडने २००३ पासून छाटणी बंद केली आहे. स्वीडनमध्ये पूर्ण फटींची जमीन चालत नाही, पेंढा देणे हा रिवाज आहे आणि जागाही तुलनेने अधिक दिली जाते. अखंड शेपटीची डुकरे व्यापारी प्रमाणावर पाळता येतात, हे या देशांनी दाखवून दिले आहे. मात्र त्यासाठी नजर सतत शेपटीवर ठेवावी लागते.

ही नजर कशी ठेवावी हा या लेखाचा मुख्य विषय आहे. निरोगी आणि स्वस्थ डुक्कर उभे असताना किंवा चालताना शेपटी वर उचलून वळी घातलेली ठेवते. शेपटीला त्रास होऊ लागला की तीच शेपटी सरळ लोंबू लागते आणि पुढे मागच्या मांड्यांमध्ये घट्ट दाबून धरली जाते. नेदरलँड्समध्ये आईपासून तोडलेल्या पिल्लांवर झालेल्या निरीक्षणांत असे दिसले, की शेपटी दाबून धरणाऱ्या पिल्लाच्या शेपटीवर दोन-तीन दिवसांत जखम दिसण्याची शक्यता बरीच वाढलेली असते. म्हणजे रक्त दिसण्यापूर्वी पालकाच्या हाती दोन-तीन दिवस असतात, आणि या प्रश्नात एवढी मुदत फार मोलाची आहे.

शेपट्या पाहण्याची सर्वांत सोयीची वेळ खाद्य टाकल्यानंतरची पहिली काही मिनिटे ही होय. गव्हाण पुरेशी लांब असेल तर त्या वेळी कप्प्यातील सगळी जनावरे तोंडे गव्हाणीत घालून एका ओळीत उभी असतात, त्यांची पाठ एकाच दिशेला असते, ती हलत नाहीत आणि माणसाकडे त्यांचे लक्ष नसते. निरीक्षकाने कप्प्याबाहेर मागच्या बाजूला उभे राहून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळी घातलेल्या, लोंबणाऱ्या आणि दाबलेल्या शेपट्या वेगवेगळ्या मोजाव्यात. झोपलेल्या, नुकत्याच उठलेल्या किंवा मूत्र करणाऱ्या जनावराची शेपटी खाली असणे स्वाभाविक असल्याने त्याची नोंद धरू नये, आणि थंडीने किंवा माणसाच्या भीतीनेही शेपटी खाली जाते हे विसरू नये. एका कप्प्यात एकच शेपटी खाली दिसली तर त्या जनावरावर खूण करून दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे. दोन किंवा अधिक शेपट्या खाली असतील किंवा तेच जनावर दुसऱ्या दिवशीही तसेच दिसेल, तर कप्प्यात उतरून प्रत्येक शेपटी जवळून तपासावी.

जवळून तपासताना रक्त शोधणे एवढेच काम नसते. प्रथम टोकाचा केसांचा झुबका पाहावा. तो ओला, चिकटलेला किंवा विरळ झालेला असेल तर कोणी तरी शेपटी तोंडात धरत आहे असे समजावे. त्यानंतर शेपटी दोन बोटांत हलकेच धरून फिरवावी, म्हणजे दोन्ही बाजूंना समोरासमोर उमटलेले दातांचे लाल ठिपके दिसतात, जे मळाखाली सहसा नजरेतून सुटतात. मुळाशी सूज आणि उष्णता जाणवते का, तेथे दाबल्यावर जनावर अंग चोरते का, टोक कोरडे पडून काळवंडले आहे का, हेही पाहावे. काळे पडलेले टोक नेहमी चावण्यामुळेच होते असे नाही, कारण ऊतींचा रक्तपुरवठा आतून बंद पडूनही शेपटीचे टोक मरते. मात्र असे खपली धरलेले टोक इतर जनावरांना आकर्षित करते, आणि म्हणून त्याचीही नोंद ठेवावी.

नोंद ठेवण्यासाठी ० ते ४ अशी पाच पायऱ्यांची श्रेणी सोयीची पडते. तीत इजा नसलेली शेपटी ०, भरलेली किंवा किरकोळ इजा १, सूज नसलेली पण दातांची स्पष्ट जखम २, सूज वा पू असलेली जखम ३ आणि शेपटीचा भाग तुटलेला असल्यास ४ असे मानले जाते. श्रेणी कोणतीही वापरली तरी ती मध्येच बदलू नये आणि शक्यतो एकाच माणसाने लावावी; माणसे दोन असतील तर काही शेपट्या दोघांनी स्वतंत्रपणे तपासून आकडे जुळतात का ते पाहावे. शेपट्यांची स्थिती रोज आणि जखमांची श्रेणी आठवड्यातून एकदा नोंदवणे लहान पालकालाही झेपते. आकडे संपूर्ण केंद्राचे एकत्र न लिहिता कप्प्यानुसार लिहावेत, कारण चावण्याचा उद्रेक कप्प्यात होतो आणि शंभर जनावरांच्या सरासरीत एका कप्प्यातील अनर्थ सहज बुडून जातो. वहीत जखमी जनावरांच्या संख्येशेजारी तपासलेल्या जनावरांची संख्या, तारीख, त्या दिवशीचे तापमान आणि खाद्य बदलले असल्यास तो बदल लिहिलेला असावा. वर्षभराने अशा वहीचे पान उलटले की उद्रेक कोणत्या ऋतूत, कोणत्या वयात, कोणत्या कोपऱ्यातील कप्प्यात होतात हे आपोआप दिसू लागते, आणि तेवढ्यावरून अर्धे निदान होते.

शेपटीखेरीज आणखी काही खुणा आधी दिसतात. कप्प्यात अस्वस्थता वाढते, जनावरे एकाच वेळी आडवी होत नाहीत, एकमेकांच्या पार्श्वभागाशी हुंगणे वाढते, आणि पुढे बळी पडणारी जनावरे गव्हाणीकडे कमी फिरकू लागतात. स्वयंचलित गव्हाणींच्या नोंदींवरून स्वीडनमधील संशोधकांना ही घट उद्रेकाच्या काही आठवडे आधीपासून दिसली आहे. स्कॉटलंडमध्ये छताला लावलेल्या त्रिमितीय कॅमेऱ्यांनी शेपट्यांची स्थिती आपोआप ओळखण्याचा प्रयोग झाला, आणि त्यातही उद्रेकापूर्वी खाली गेलेल्या शेपट्यांचे प्रमाण वाढत असल्याचे आढळले. मोठ्या केंद्रांसाठी हे साधन पुढे उपयोगी पडेल. पण कॅमेरा कप्प्यातील हवेचा वास घेऊ शकत नाही आणि ओली जागा कोणती हे गुडघ्यावर बसून पाहू शकत नाही, म्हणून माणसाच्या फेरीची जागा तो घेईल असे मानणे चूक ठरेल.

खूण दिसल्यावर कारण शोधावे लागते. युरोपीय आयोगाच्या २०१६ च्या शिफारशीत त्यासाठी सहा गोष्टी तपासण्यास सांगितल्या आहेत : चघळण्या-उकरण्याचे साहित्य, स्वच्छता, तापमान व हवा, आरोग्य, खाद्य व जागेसाठी होणारी चढाओढ, आणि आहार. यांपैकी साहित्याची बाब सर्वांत वजनदार असून तीच सर्वांत दुर्लक्षित राहते. साहित्य खाता येण्याजोगे, चावता येण्याजोगे, नाकाडाने उकरता येण्याजोगे आणि आकार बदलणारे असावे, शिवाय ते स्वच्छ आणि वारंवार ताजे केलेले असावे. पेंढा या सगळ्या कसोट्यांना उतरतो, तर लोखंडी साखळी आणि टणक प्लास्टिकचा चेंडू यांत डुकराचे मन काही दिवसांतच रमेनासे होते. साखळी टांगून कर्तव्य पार पडले असे मानणारी केंद्रे थोडी नाहीत आणि अशा ठिकाणी देखरेखीच्या वहीत जखमा कायम दिसतात. डेन्मार्कमधील एका अभ्यासानुसार प्रत्येक डुकराला दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम पेंढा मिळाला तर उकरण्याची गरज बऱ्यापैकी भागते. पण एवढा शक्य नसेल तेथे रोज दोन मुठी ताजा पेंढा टाकणेही काहीच न देण्यापेक्षा कितीतरी चांगले. बुरशी आलेला पेंढा मात्र देऊ नये, कारण त्यातील विषांमुळे जनन आणि यकृत यांवर परिणाम होतो.

जागेच्या बाबतीत युरोपीय निर्देशाने किमान मर्यादा घालून दिली आहे, जसे ३० ते ५० किलो वजनाच्या डुकराला ०.४० चौरस मीटर आणि ८५ ते ११० किलोच्या डुकराला ०.६५ चौरस मीटर. ही किमान मर्यादा आहे, पुरेशी जागा नव्हे. अखंड शेपटीच्या जनावरांना तीपेक्षा अधिक जागा लागते. उन्हाळ्यात तर हा फरक अधिक जाणवतो, कारण डुकराला घामावाटे अंग थंड करता येत नाही, ते ओल्या जागेत लोळून थंड होऊ पाहते, आणि ओली जागा थोडी असली की तिच्यासाठी ढकलाढकली सुरू होते. झोपण्याच्या कोरड्या जागी विष्ठा पडू लागणे ही उष्णतेच्या त्रासाची स्पष्ट खूण आहे. याउलट पावसाळी रात्री वाऱ्याचा झोत थेट अंगावर येणारा कोपरा असेल तर त्या कप्प्यात आणि फक्त त्याच कप्प्यात चावणे दिसते. डोळ्यांना झोंबणारा अमोनियाचा वास माणसाला आत शिरताच जाणवला, तर चोवीस तास तेथे राहणाऱ्या जनावराची अवस्था वेगळी सांगावी लागत नाही.

आहारात मीठ, खनिजे किंवा प्रथिनांतील आवश्यक अमिनो आम्ले कमी पडली की रक्ताकडे ओढा वाढतो. म्हणून उद्रेकाच्या वेळी मीठ वाढवण्याची पद्धत आहे, परंतु पाणी पुरेसे नसताना मीठ वाढवल्यास डुकरांना मिठाची विषबाधा होऊन ती दगावतात. तेव्हा आधी प्रत्येक तोटीतून पाणी येते की नाही हे हाताने दाबून पाहावे आणि मोठ्या डुकरांसाठी मिनिटाला सुमारे १ लिटर पाणी मिळते याची खात्री करावी. खाद्य अचानक बदलू नये, गव्हाण रिकामी राहू देऊ नये, आणि खोकला किंवा हगवण यांवर वेळीच उपचार करावेत, कारण आजारी जनावर चावणारेही होते आणि चावले जाणारेही.

उद्रेक झालाच तर पहिल्या तासात काय केले जाते यावर पुढचे सारे अवलंबून असते. रक्त येणारी जनावरे तत्काळ वेगळ्या, मऊ अंथरूण असलेल्या कप्प्यात हलवावीत, जखम धुऊन पशुवैद्याच्या सल्ल्याने वेदनाशामक आणि गरज असल्यास प्रतिजैविक द्यावे. चावणारे जनावर ओळखण्यासाठी कप्प्याबाहेर शांतपणे पंधरा-वीस मिनिटे थांबावे. ज्याची शेपटी अखंड आणि तोंडाला रक्त लागलेले आहे असे जनावर आढळल्यास त्याला बाहेर काढावे, पण ते पुन्हा त्याच कप्प्यात सोडू नये, कारण परत आलेल्या जनावराशी मारामारी होते. त्याच वेळी उरलेल्यांना भरपूर पेंढा आणि चघळण्याजोगे दोर द्यावेत. नेदरलँड्समधील प्रयोगात चावणारे जनावर काढणे आणि दिवसातून दोनदा पेंढा देणे हे दोन्ही उपाय जवळपास सारखेच उपयोगी ठरले आणि दोहोंपैकी कोणत्याही एकाने चावणे पूर्ण थांबले नाही; तेव्हा दोन्ही एकदम करणे शहाणपणाचे. मागचे पाय लुळे पडलेल्या जनावराला वाहनात घालून कत्तलखान्याकडे पाठवणे ही क्रूरता आहे. त्याला पशुवैद्याकडून जागेवरच वेदनारहित मरण देणे योग्य.

कत्तलखान्यातील नोंद हा देखरेखीचा शेवटचा टप्पा होय. गरम पाण्यातून काढून केस उतरवल्यावर धडावरील शेपटी स्वच्छ दिसते आणि भरलेल्या जुन्या जखमाही ओळखता येतात, म्हणून पालकाने ही माहिती मागून घ्यावी. मात्र वाड्यातच दगावलेली किंवा काढून टाकलेली जनावरे या नोंदीत येत नाहीत आणि आखूड, भरून आलेले टोक पुष्कळदा चांगले समजून सोडले जाते, त्यामुळे कत्तलखान्याचा आकडा वस्तुस्थितीपेक्षा कमीच असतो.

भारतात डुकरांची मोठी संख्या ईशान्येकडील राज्यांत असली तरी गोव्यात वराहपालन घरगुती परंपरेचा भाग आहे, आगोंदा गोवन ही तेथील डुकरांची देशी जात म्हणून नोंदलेली आहे, आणि महाराष्ट्रातही लार्ज व्हाइट यॉर्कशायर जातीची बंदिस्त केंद्रे आहेत. परसात मोकळे फिरणाऱ्या डुकराला उकरायला माती मिळते. तेच जनावर सिमेंटच्या कप्प्यात आले की युरोपातील प्रश्नही त्याच्याबरोबर येतो. २०२० मध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर भारतात प्रथम आढळल्यापासून जनावरे कोंडून पाळण्याकडे कल वाढणे साहजिक आहे, आणि म्हणूनच कप्पे बांधतानाच उकरण्याच्या सोयीचा विचार व्हायला हवा. त्यासाठी परदेशी सामग्रीची गरज नाही : भाताचा सुका पेंढा, लाकडाचा स्वच्छ भुसा, नारळाची झावळी, रसायन न लावलेला काथ्याचा दोर ही सामग्री कोकणात आणि गोव्यात हाताशी असते, नायलॉनचा दोर मात्र गिळला गेल्यास आतड्यात अडकतो, म्हणून तो टाळावा. कायद्याच्या दृष्टीने पाहता, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमात प्राण्याचे अंग तोडणे हा अपराध मानला असून ज्या क्रियांना त्यातून सूट दिली आहे त्यांत शिंगे काढणे, खच्चीकरण, डाग देणे आणि वेसण घालणे यांचा उल्लेख आहे, शेपटी छाटण्याचा नाही. नवे केंद्र उभारणाऱ्या पालकाने पिल्लांच्या शेपट्या अखंड ठेवाव्यात, पहिल्या दिवसापासून कप्प्यानुसार वही घालावी, आणि खाली गेलेली पहिली शेपटी दिसताच त्या जनावरावर खूण करून दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे.